वानखेडेवरची हुर्यो आणि आपला प्रश्न

१ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी आला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मैदान मुंबईचे, संघ मुंबईचा, कर्णधार मुंबईचा आणि ओरडणारेही मुंबईचेच. शेवटी नाणेफेकीच्या वेळी बोलणाऱ्या संजय मांजरेकरांना 'नीट वागा' असे प्रेक्षकांना सांगावे लागले. त्याआधी अहमदाबादलाही हाच प्रकार झाला होता. पंड्याचा अपराध काय? तर तो गुजरातच्या संघातून मुंबईच्या संघात परत आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. एवढेच.

याच पंड्याने ६ जानेवारी २०१९ रोजी प्रसारित झालेल्या 'कॉफी विथ करण' या टीव्हीवरील कार्यक्रमात बायकांविषयी जे तारे तोडले होते ते अनेकींना आठवत असेल. क्लबात भेटलेल्या बायकांची नावे का विचारत नाही, तर त्या चालतात-वावरतात कशा ते आधी बघायला आवडते. किती जणींशी संबंध आले त्याची बढाई. आणि ही बढाई घरी आईवडिलांपुढेही कशी मारता येते त्याची वर आणखी बढाई. शेजारी के. एल. राहुल बसला होता. तो कमी बोलला, पण हसण्यात सामील होता. आरडाओरड झाली, दोघांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले, ११ जानेवारीला निलंबित केले. २४ जानेवारीला निलंबन उठले. २८ जानेवारीला पंड्या न्यूझीलंडमध्ये भारताकडून खेळत होता. कार्यक्रमापासून धरले तरी तीन आठवडे आणि एक दिवस. त्यानंतरच्या आयपीएलमध्ये मुंबईने विजेतेपद मिळवले आणि त्याच्या षटकारांवर टाळ्या पडल्या.

म्हणजे आपल्या प्रेक्षकांना हुर्यो उडवता येत नाही असे नाही. उत्तम येते. ती कशासाठी उडवायची आणि कशासाठी नाही, एवढाच प्रश्न आहे.

मैत्रिणी विचारतील, स्त्रियांच्या त्रैमासिकात क्रिकेट कशाला? मी आंजर्ल्याची. इथे जोग नदीच्या मुखाशी भरती उतरली की वाळूवर पोरांचे स्टंप रोवले जातात. मे महिन्यात आणि शिमग्याच्या आगेमागे मुंबईचे चाकरमानी आले की वाडीवाडीचे संघ उभे राहतात, देवाच्या नावाने चषक लागतो, वर्गणीची पावतीपुस्तके फिरतात. कोकणातले पुरुष एकत्र येऊन जे काही करतात त्यात भजन, नमन आणि क्रिकेट ही तीन कामे सर्वांत नेटाने होतात. वाडीत मान कोणाला आणि कोणाच्या चुकीकडे काणाडोळा, हे या तीन ठिकाणी ठरते. तेव्हा 'त्याला परत घ्यायचे की नाही' हा प्रश्न आपल्याला टाळता येण्यासारखा नाही. तो आपल्या बचत गटाच्या बैठकीत येऊन बसलेला आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी २०१९ चे पूर्ण करू. त्या वेळी क्रिकेट नियामक मंडळाचा कारभार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीकडे होता. तिच्यात शेवटी उरले होते दोघे, विनोद राय आणि डायना एडलजी. एडलजी भारताच्या माजी कर्णधार. बायकांच्या क्रिकेटला पैसा नाही, मैदान नाही, प्रेक्षक नाही अशा काळात खेळलेली ही बाई. राय यांनी दोन सामन्यांची बंदी सुचवली. एडलजींनी प्रकरण कायदेशीर सल्ल्यासाठी पाठवले आणि पुढील कारवाई ठरेपर्यंत निलंबन हवे असे म्हटले. त्यावर मंडळातील पदाधिकाऱ्यांची घालमेल सुरू झाली. हंगामी अध्यक्षांनी पत्र लिहिले की पोरे चुकली, पण चौकशी चालू असताना त्यांना खेळू द्यावे. विश्वचषक तोंडावर होता ना!

त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी याच दोघांसमोर दुसरे एक प्रकरण आले होते. मंडळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले, तिघांच्या समितीने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांना दोषमुक्त केले. समितीतल्या एक सदस्य, मुंबईच्या वकील वीणा गौडा, यांनी मात्र या अधिकाऱ्याला स्त्री-पुरुष समतेबाबत समुपदेशन द्यावे अशी शिफारस केली होती. एडलजींचा त्यांच्या परत येण्याला विरोध होता, राय यांचा नव्हता. अधिकारी कामावर परतले. खेळाडूंची गोष्ट निदान टीव्हीवर सर्वांनी पाहिली होती, म्हणून तीन आठवडे तरी चर्चा झाली. कचेरीतली गोष्ट कचेरीतच मिटली.

आता शिक्षेकडे पाहा. एप्रिल २०१९ मध्ये मंडळाचे लोकपाल, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी दोघांना प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. त्यातले १० लाख कर्तव्यावर मरण पावलेल्या निमलष्करी दलांतील दहा जवानांच्या विधवांना प्रत्येकी एक लाख याप्रमाणे आणि १० लाख अंध क्रिकेटच्या निधीला. पैसे चांगल्या कामाला गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण गंमत बघा. बायकांना नावानिशी माणूस न समजणाऱ्या बोलण्याचा दंड बायकांपर्यंत पोचला तो विधवा म्हणून, दान म्हणून. मुलींच्या क्रिकेटला त्यातला एक रुपया नाही. ज्या पोरी ट्रेनने किटबॅग ओढत सरावाला जातात, त्यांच्याशी या बोलण्याचा काही संबंध असेल असे कोणाच्या डोक्यातही आले नाही. शहीद जवान आणि अंध खेळाडू पुढे आणले की विषय पवित्र होतो आणि मूळ गोष्ट झाकली जाते. आपल्याकडे पाप आणि प्रायश्चित्त यांचा मेळ असाच घालतात; एकाचे घर मोडायचे आणि देवळाला घंटा बांधायची.

पण शब्द हे शब्दच, म्हणून कोणी हे प्रकरण किरकोळ ठरवील. जास्त अवघड उदाहरण घेऊ.

रग्बी हा आपल्याकडे फारसा न दिसणारा खेळ, लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांना अंगाने अडवत खेळायचा. आयर्लंडमध्ये त्याला आपल्या क्रिकेटसारखा मान आहे. जून २०१६ मध्ये बेलफास्ट शहरात एका १९ वर्षांच्या मुलीने अल्स्टर संघाच्या पॅडी जॅक्सन आणि स्टुअर्ट ओल्डिंग या दोन खेळाडूंवर बलात्काराची तक्रार केली. दोघेही देशाकडून खेळलेले. आणखी दोघांवर त्याच प्रकरणात इतर आरोप होते. २०१८ च्या सुरुवातीला खटला चालला, नऊ आठवडे. चार आरोपी, त्यामुळे चार वकील, आणि चौघांनी पाळीपाळीने उलटतपासणी केली. मुलगी आठ दिवस साक्षीला उभी होती. तिचे आतले कपडे ज्यूरीला दाखवले गेले. प्रेक्षकांची जागा भरलेली असे. २८ मार्च २०१८ रोजी ज्यूरीने चार तासांच्या आत सर्वांना सर्व आरोपांतून निर्दोष सोडले.

खटल्यात या मित्रांचे मोबाईलवरचे संदेश वाचले गेले होते. त्या रात्रीनंतर बायकांबद्दल एकमेकांना काय लिहिले, किती शेखी मिरवली. निर्दोष सुटल्यावर संघाने त्यांना परत घ्यावे का, यावर रग्बीचे पाठीराखे उभे फाटले. रस्त्यांवर निदर्शने झाली. काही पाठीराख्यांनी पैसे गोळा करून बेलफास्टच्या दैनिकात पानभर जाहिरात दिली की हे खेळाडू पुन्हा नकोत. त्याच आठवड्यात त्याच दैनिकात दुसऱ्या पाठीराख्यांची जाहिरात आली की त्यांना परत घ्या. दोन्हीकडे स्त्रिया होत्या, दोन्हीकडे पुरुष होते. संघाला पैसा पुरवणाऱ्या बँकेनेही चिंता व्यक्त केली. जॅक्सनने निवेदन काढून आपल्या वागण्यावरची टीका योग्य असल्याचे मान्य केले. १४ एप्रिलला दोघांचे करार रद्द झाले. ते फ्रान्समध्ये खेळायला गेले. पुढे २०१९ मध्ये जॅक्सनला लंडनच्या एका संघाने घेतले, तेव्हा दारूच्या एका मोठ्या कंपनीने त्या संघाची प्रायोजकी सोडली.

इथे 'न्यायालयाने सोडले ना, मग तुम्ही कोण?' हा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीला हा प्रश्न नवा नाही. आपली चळवळच एका निर्दोष सुटकेतून उभी राहिली. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेला बलात्कार, नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेली त्यांची सुटका. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने ओरड केली नाही, म्हणून तिची संमती होती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर आल्या. तेव्हाही विचारले गेलेच होते की, सर्वोच्च न्यायालयापुढे तुम्ही कोण?

त्या लढ्यातून १९८३ चा बदल झाला. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवायचा, तक्रारदार स्त्रीचे नाव छापायचे नाही, हे आपल्याकडे तेव्हापासून कायद्यात आहे (पाळले किती जाते हा वेगळा लेख होईल). बेलफास्टच्या न्यायालयात २०१८ मध्ये लोक तिकीट काढल्यासारखे त्या मुलीची साक्ष ऐकायला येऊन बसत होते. या खटल्यानंतर तिथे निवृत्त न्यायाधीश जॉन गिलन यांच्याकडे पद्धत तपासायचे काम दिले गेले, त्यांनी सुधारणा सुचवल्या आणि २०२२ च्या कायद्याने प्रेक्षकांना अशा खटल्यातून बाहेर ठेवण्याची तरतूद झाली. देसाईगंजच्या एका मजूर मुलीच्या नावाने आपण जे चाळीस वर्षे आधी मिळवले ते तिथल्या बायकांना आता मिळाले. आपण पाश्चात्यांचे अनुकरण करतो असे जे लोक म्हणतात त्यांना हे सांगायला हरकत नाही.

तरीही एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते आणि आपल्या काही मैत्रिणींना ती आवडणार नाही. आरोप झाला म्हणजे दोषी, असे आपण कधीच म्हणू नये. पोलिसांनी उचलून वर्षानुवर्षे आत ठेवलेल्या गरीब, दलित, मुसलमान, भटक्या जमातींच्या पोरांसाठी आपल्यापैकीच अनेकजणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात. सिद्ध होईपर्यंत निर्दोष हे तत्त्व त्यांच्याच कामाला येते. ते आपण सोडले तर त्याचा पहिला फटका पंड्याला बसणार नाही.

मात्र न्यायालय ठरवते ते तुरुंगाचे. संघाचा सदरा कोणी घालायचा हे न्यायालय ठरवत नाही. भारताकडून खेळणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, आणि आपल्या वाडीकडून खेळणे हाही नाही. अल्स्टरने करार रद्द केले ते न सिद्ध झालेल्या बलात्कारावरून असते तर मला अडचण वाटली असती. त्या पोरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले, त्यांनीच कबूल केलेले शब्द समोर होते. त्यावर संघाला निर्णय घेता येतो, घेतला पाहिजे. फक्त एक शंका उरते. बँक बोलली नसती तर संघ बोलला असता का?

नेपाळचा संदीप लामिछाने हा तिसरा प्रकार. (आमच्याकडच्या आंब्याच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळ्यांचा तो मोठा लाडका.) २०२२ मध्ये त्याच्यावर बलात्काराचा आरोप झाला, निलंबन झाले. जानेवारी २०२३ मध्ये जामीन मिळाला आणि खटला उभा असतानाच फेब्रुवारीत तो पुन्हा देशाकडून खेळला. स्कॉटलंडच्या खेळाडूंनी सामन्यानंतर त्याच्याशी हस्तांदोलन केले नाही. जानेवारी २०२४ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली, मेमध्ये वरच्या न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि तो परत संघात. यात खालचे न्यायालय बरोबर की वरचे, यावर मी बोलत नाही. माझा आक्षेप जामिनावरच्या पुनरागमनाला आहे. एका बाजूला देशाचा झेंडा पाठीवर घेतलेला गोलंदाज, त्याच्या नावाने ओरडणारे मैदान. दुसऱ्या बाजूला साक्ष द्यायची बाकी असलेली, नाव लपवून राहणारी मुलगी. संघाने खटला संपेपर्यंत थांबण्यात त्याचे काय जाणार होते? फार तर एक मोसम. तिचे काय जाते ते तिलाच विचारावे लागेल, आणि ते कोणी विचारत नाही.

या सगळ्या प्रकरणांत मला हेच सारखे दिसते. परत यावा की न यावा, यावर निवड समिती बोलते, कर्णधार बोलतो, प्रायोजक बोलतात, पाठीराखे भांडतात. जिचे नुकसान झाले तिचे मत विचारायची कुठे पद्धतच नाही. 'दुसरी संधी द्या' असे म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही. माणूस सुधारतो यावर विश्वास नसेल तर चळवळीत कशाला यायचे? पण दुसरी संधी देणारे आपण कोण, आणि तिला पहिली तरी मिळाली का?

आता आमच्या भागातली गोष्ट. वाडीचे नाव मुद्दाम देत नाही. तिथला एक जलद गोलंदाज, चांगला नावाजलेला. बायकोला मारायचा, एकदा तिचा हात मोडला तेव्हा ती दोन मुलांना घेऊन माहेरी गेली आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिने अर्ज केला. न्यायालयाने पोटगी ठरवून दिली. चार महिने आली, मग थांबली. मंडळाने त्याला एक मोसम बाहेर ठेवले, 'उगाच चर्चा नको' म्हणून. त्या वर्षी संघ उपांत्य सामन्यात हरला. यंदा मुंबईकरांनी निरोप धाडला की त्याला घ्या.

स्पर्धेत चहा-वड्याचा स्टॉल असतो बचत गटाचा. गटाचे वर्षाचे निम्मे पैसे त्या तीन दिवसांत सुटतात. तो खेळणार असेल तर स्टॉल लावायचा नाही, असे काहीजणींनी सुचवले आणि गट उभा फाटला, अल्स्टरसारखाच. एक काकी म्हणाल्या, "त्याने बायकोला मारलं, आपल्या वड्याने काय केलं?" दुसरी म्हणाली की मैदानात त्याच्या नावाचा भोंगा वाजणार आणि आपण तिथे चहा गाळत बसणार, मग तिने परत कधी वाडीत पाऊल टाकायचे कसे? त्याची आई याच गटात आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरगा चुकला, मी नाही म्हणत नाही. पण चेंडू हातात असतो तेवढे दिवस तो पीत नाही. तेही काढून घेतलंत तर माझ्या घरात काय उरेल ते तुम्ही येऊन बघा." तिला उत्तर देणे सोपे नव्हते, आणि कोणी दिलेही नाही.

शेवटी एकीने सुचवले की, तिलाच विचारू. दोघी जणी माहेरी जाऊन आल्या. तिचे म्हणणे असे, की तो खेळला काय, न खेळला काय, मला फरक नाही. पण मागे मालिकावीर म्हणून त्याला सायकल मिळाली, रोख मिळाले, ते मुलांपर्यंत आले नाही. पोटगी आधी भरू दे, मग खेळू दे. आणि पोरांचा बाप म्हणून त्याचा सत्कार करू नका.

आम्ही एवढा वेळ तत्त्वाची चर्चा करत होतो आणि तिने हिशेब सांगितला! ही मागणी गटाने मंडळाकडे लेखी दिली आहे. खेळाडूच्या नोंदणीबरोबर पोटगीची थकबाकी भरल्याची पावती लावावी, आणि त्याला मिळणारे रोख बक्षीस परस्पर मुलांच्या खात्यात जमा व्हावे. खजिनदार म्हणाले, हे स्पर्धेच्या नियमात बसत नाही. या गावकीच्या स्पर्धांत बाहेरचा खेळाडू घुसवू नये म्हणून प्रत्येकाचे आधारकार्ड तपासतात. एकाचा पत्ता दुसऱ्या वाडीचा निघाला म्हणून सामना दोन तास अडलेला मी पाहिला आहे. माणूस याच वाडीचा आहे का हे पाहायला कागद लागतो, तो मुलांना जेवू घालतो का हे पाहायला लागत नाही!

मंडळाचे लेखी उत्तर अजून आलेले नाही. तोंडी असा निरोप आहे की पहिल्या मागणीवर विचार करू, बक्षिसाचे मात्र जमणार नाही. स्टॉल लावायचा की नाही, हे गटाने पुढच्या बैठकीवर ठेवले आहे. त्याची आईही त्या बैठकीला येणार आहे.